संगणक निजतो तेव्हा



आषाढ शुद्ध एकादशीला देव शयन करतात आणि कार्तिक शुद्ध एकादशीला जागे होतात, ही आपणां सर्वांची परिचित समजूत. ह्या चार महिन्यांत पाऊस पडतो, पेरणी होते, भात लावला जातो, कापलाही जातो. देव निजले म्हणून सृष्टीचा व्यापार काही अडत नाही. संगणकाची गोष्ट मात्र नेमकी उलटी आहे. त्यास निजवावयाचे असेल तर त्याच्या पोटात चाललेला सगळा व्यापार आधी थांबवावा लागतो, आणि तो असा थांबवावा लागतो की जाग आल्यावर प्रत्येकाने सोडलेल्या जागेवरूनच काम उचलावे, मध्ये काही घडले ह्याची कोणास वार्ताही असू नये. आपण मांडीवरच्या संगणकाचे झाकण मिटतो तेव्हा दोन-चार क्षणांत हे सारे घडते. त्या दोन-चार क्षणांविषयी आज मी बोलणार आहे.

मी तंत्रज्ञ नाही. सरकारी नोकरीत कागद पुढे सरकवण्यात माझी वीसएक वर्षे गेली, आणि एम्.ए. झालो तो साहित्य घेऊन. ह्या विषयाकडे मला वळवले ते एका नुकसानीने. ती हकीकत पुढे येईल. प्रथम विषयाची मांडणी.

संगणक चालू असतो तेव्हा त्यात एकच काम चालू असते असे नाही. आपण पत्र लिहीत असतो, पाठीमागे घड्याळ चालत असते, कोणी टपाल आले का ते पाहत असते, कोणी फाइलींची अनुक्रमणिका करीत असते. अशी शेकडो कामे एकाच वेळी जिवंत असतात. ह्यांतील प्रत्येक कामास ‘प्रक्रिया’ म्हणतात. ह्या सर्वांना वेळ वाटून देणारी, स्मृतीची जागा नेमून देणारी आणि एकमेकांच्या अंगावर जाऊ न देणारी जी मुख्य व्यवस्था, ती ऑपरेटिंग सिस्टीम. आणि तिचा गाभा म्हणजे कर्नल. कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर प्रक्रिया म्हणजे टेबलावरचे कारकून आणि कर्नल म्हणजे कचेरीचा अधीक्षक.

निद्रेचेही दोन प्रकार आहेत, आणि त्यांतील भेद पुढील गोष्टीस आवश्यक आहे. पहिल्या प्रकारात संगणकाचे बाकी सर्व भाग बंद होतात, पण ज्या स्मृतीत चालू कामे मांडलेली असतात त्या रॅमला थोडीशी वीज मिळत राहते. ही झाली डुलकी. जाग चटकन येते. पण बॅटरी संपली तर स्मृतीही गेली. दुसऱ्या प्रकारात त्या सर्व स्मृतीचे एक चित्र काढून ते डिस्कवर लिहून ठेवतात आणि मग वीज पूर्णपणे तोडतात. ह्यास अस्वलाच्या हिवाळी झोपेवरून शीतनिद्रा म्हणावयास हरकत नाही. महिन्याने चालू केला तरी चित्र वाचून सारे पूर्ववत मांडता येते. यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टीम ह्यांनी वीज वाचवण्याच्या कामी एकमेकांशी कसे बोलावे ह्याचा एक करार इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट ह्यांनी 1992 साली केला होता. पुढे 1996 च्या डिसेंबरात तोशिबा कंपनीही सामील होऊन अधिक विस्तृत संहिता प्रसिद्ध झाली, आणि निद्रेच्या पायऱ्यांची जी वर्गवारी पुढे रूढ झाली ती त्या संहितेतून आलेली आहे.

आता प्रश्न असा की प्रक्रियांना थांबवण्याची गरजच काय? वीज तोडली की त्या आपोआप थांबतीलच की! शीतनिद्रेचा विचार केला म्हणजे ह्याचे उत्तर मिळते, आणि ते मोठे मनोरंजक आहे. स्मृतीचे चित्र काढले, पण ते डिस्कवर लिहावयास तर यंत्र पुन्हा काही काळ जागे असले पाहिजे; निजलेला माणूस स्वतःचे मृत्युपत्र लिहू शकत नाही. ह्या मधल्या काळात कारकून मोकळे असतील तर ते काम करीतच राहतील. एखादा नवी फाइल लिहील, दुसरा जुनी पुसून टाकील, आणि डिस्कवरची स्थिती बदलेल. परंतु काढलेले चित्र जुन्या स्थितीचे! दुसऱ्या दिवशी ते चित्र वाचून संगणक जागा होईल तेव्हा त्यास वाटेल की अमुक जागा मोकळी आहे, आणि तेथे तर कोणी लिहून गेलेले. मग एका लेखावर दुसरा लेख चढतो आणि दप्तर असे नासते की ते दुरुस्त होत नाही. म्हणून चित्र काढण्यापूर्वी सर्वांच्या हातातील लेखणी खाली ठेवविणे भाग आहे.

आणखीही कारणे आहेत. चित्र काढावयास स्मृतीत सुमारे निम्मी जागा मोकळी लागते, आणि प्रक्रिया जाग्या असतील तर मोकळी केलेली जागा त्या लगेच व्यापतील. शिवाय पडदा, जाळ्याचे कार्ड, डिस्क ही उपकरणे एकेक करून बंद करीत असताना कोणी मध्येच त्यांच्याकडे काम मागू लागला तर घोटाळा होतो. वाणसामानाच्या दुकानाची फळी अर्धी लागलेली असताना आत शिरणारे गिऱ्हाईक आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

थांबवावयाचे खरे, पण कोठे थांबवावयाचे? येथे मला आमच्या रायपूरच्या स्टेशनाची आठवण होते. हावडा-नागपूर-मुंबई ह्या मुख्य मार्गावरचे हे गजबजलेले स्टेशन. रुळांचे काम काढावयाचे असले म्हणजे रेल्वेचे लोक ‘ब्लॉक’ घेतात. ब्लॉक घेतला म्हणजे ज्या क्षणी हुकूम सुटला त्या क्षणी गाडी जेथे असेल तेथे उभी राहिली असे होत नाही. जी गाडी पुढच्या स्टेशनात आहे ती तेथेच रोखतात. जी दोन स्टेशनांच्या मध्ये आहे तीस आधी पुढचे स्टेशन गाठू देतात. पुलावर किंवा बोगद्यात गाडी उभी करून कोणी रूळ उचलावयास घेत नाही. प्रक्रियेचेही असेच आहे. खजिन्यातील कारकुनाने एका खात्यातून रक्कम वजा केली आहे आणि दुसऱ्या खात्यात अजून जमा केलेली नाही, अशा वेळी त्याचा हात धरणे इष्ट नाही. त्यास दोन्ही नोंदी करू द्याव्या आणि मग धरावे.

हे साधण्यासाठी लिनक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये जी युक्ती योजिली आहे, ती मला फार आवडली. लिनक्स हे लिनस टोर्व्हाल्ड्स ह्यांनी हेलसिंकीला विद्यार्थी असताना 1991 साली आरंभिलेले काम. त्याचा मूळ मजकूर सर्वांस वाचावयास खुला असल्याने माझ्यासारख्या बाहेरच्या माणसासही, कोणी शेजारी बसून समजावून सांगेल तर, आत काय चालते ते पाहता येते. निद्रेचा हुकूम झाला की कर्नल प्रथम लिहावयाचे राहिलेले सारे डिस्कवर लिहून घेतो. मग प्रत्येक प्रक्रियेस एक हाक मारतो. एरवी अशा हाकेत काही निरोप असतो: थांब, संपव, अमुक घडले. ह्या हाकेत निरोपच नाही. ती खोटी हाक आहे. पण हाक आली म्हणजे प्रक्रियेस हातातील काम नीट ठेवून दारापर्यंत यावे लागते, आणि ते दार हीच सुरक्षित जागा. दाराशी आल्यावर निरोप मिळत नाही. त्याऐवजी कर्नल तिला बाजूच्या खोलीत नेऊन बसवतो. ह्या खोलीचे नाव त्या मजकुरात चक्क ‘रेफ्रिजरेटर’ असे ठेवलेले आहे! तंत्रज्ञ लोक रुक्ष असतात असे म्हणणाऱ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे. शीतपेटीत बसलेली प्रक्रिया गोठते. जागे करण्याचा हुकूम झाला की ती दाराशी परत येते, निरोप काहीच नव्हता असे पाहते आणि पूर्वीच्या कामास लागते. आपण एक रात्र गोठलो होतो हे तिच्या गावीही नसते.

काळ मात्र लपत नाही. भिंतीवरचे घड्याळ पुढे गेलेले असते. म्हणून लिनक्समध्ये निरनिराळी घड्याळे ठेवावी लागली: एक निद्रेचा काळ मोजणारे, एक न मोजणारे. 2018 साली ही दोन एक करून टाकण्याचा प्रयत्न झाला. तेव्हा काही कार्यक्रमांस जाग आल्यावर असे वाटू लागले की आपण तासन्‌तास कोणाची वाट पाहत अडकून पडलो होतो, आणि ते गडबडले. तो बदल त्याच वर्षी मागे घेण्यात आला. निजलेल्या माणसास किती वेळ गेला हे सांगावे की सांगू नये, हा प्रश्न यंत्रातही इतका नाजूक असेल असे मला वाटले नव्हते.

गोठवण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी आपले, म्हणजे वापरणाऱ्याचे कार्यक्रम; नंतर कर्नलची स्वतःची अंतर्गत कामे, आणि त्यांतीलही ज्यांनी ‘आम्हांस गोठवावे’ असे आधी सांगून ठेवले आहे तेवढीच. ही दुसरी अट 2007 साली आली. क्रम उलटा केला तर आपल्या कार्यक्रमाने डिस्ककडे मागितलेले काम पुरे करावयास कोणी उरणार नाही आणि तो दाराशी येऊच शकणार नाही. ज्याने हा सर्व हुकूम सोडला तो एकटा मात्र सुटतो. दिवे मालवणाऱ्यास शेवटपर्यंत जागे राहावे लागतेच. त्यानंतर उपकरणे मिटतात, ज्यांवर दुसरी अवलंबून आहेत ती शेवटी. मग एक सोडून बाकीचे प्रोसेसर बंद होतात. आणि अखेर तोही.

ह्या सर्वाचा पाया गाबोर कुटी ह्यांनी 1998 च्या सुमारास घातला, पाव्हेल माखेक ह्यांनी तो पुढे नेला, आणि नंतरची पुष्कळशी उभारणी राफाएल विसोत्स्की ह्या पोलिश गृहस्थांच्या हातची आहे. आपल्याकडील श्रीवत्स भट ह्यांचेही नाव येथे घेतले पाहिजे. प्रक्रिया गोठत असतानाच कोणी प्रोसेसर जोडू किंवा काढू लागला तर दोन कामांची टक्कर होत असे. ती टाळण्याची सोय 2011 च्या अखेरीस त्यांनी सुचविली. विसोत्स्की ह्यांनी 2010 साली सोडविलेला प्रश्नही असाच सूक्ष्म आहे. संगणक निजण्याच्या बेतात आहे आणि नेमक्या त्याच क्षणी जागे करणारी घटना घडली, समजा फोन आला, तर? दार लावता लावता पाहुणा आत आला की बाहेर राहिला, हे कळावयास हवे. त्यांनी अशा घटनांची मोजणी ठेवली. निजण्यापूर्वी आकडा पाहावा, निजताना पुन्हा पाहावा. मध्ये तो वाढला असेल तर निजणे रद्द.

सर्वांस ही व्यवस्था पसंत आहे असे मात्र नाही. खुद्द टोर्व्हाल्ड्स ह्यांचा आक्षेप असा की मुळात गोठवावेच कशाला. आणि त्यांचा हा आक्षेप कर्नलबरोबर मिळणाऱ्या माहितीपत्रकात आजही छापलेला आहे. सरकारी माहितीपत्रकात खातेप्रमुखाचा विरोध असा जपून ठेवलेला मी पाहिलेला नाही. माझे स्वतःचे मत गोठवण्याच्या बाजूचे आहे. विंडोजमध्ये पूर्वी निजण्यापूर्वी कार्यक्रमांस विचारीत असत आणि कोणीही एक नकार देऊन निद्रा अडवू शके. 2007 साली आलेल्या व्हिस्टापासून हा नकाराधिकार काढून घेतला गेला. शंभर जणांस ‘निजू का?’ असे विचारल्यावर एखादा ‘नको’ म्हणावयाचाच, हा अनुभव ज्यांनी सभा चालविल्या आहेत त्यांस सांगावयास नको.

परंतु लिनक्समध्ये न विचारताही नकार येऊ शकतो, आणि माझी हकीकत येथून सुरू होते.

माझे वडील आता ऐंशीच्या घरात आहेत. आम्ही रायपुरात आलो ते आजोबांच्या नोकरीमुळे. तेव्हा रायपूर ज्या मध्यप्रदेशात होते त्याची राजधानी नागपूर होती. 1956 च्या 1 नोव्हेंबरला प्रांतांची फेरमांडणी झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि रायपूर ज्या नव्या मध्यप्रदेशात राहिले त्याची राजधानी भोपाळ झाली. एका प्रांतातली घरे दोन प्रांतांत विभागली गेली. आजोबांनी नागपूरकडे परतावे की येथेच राहावे, ह्याची चर्चा त्या वर्षी आमच्या घरी रात्ररात्र चाले. वडील तेव्हा अकरा वर्षांचे. पांघरुणात जागे राहून त्यांनी ती ऐकलेली. अलीकडे त्यांची स्मृती कधी लख्ख असते, कधी ढगाळते. एका संध्याकाळी ती लख्ख होती. ते सांगत गेले आणि मी संगणकावर उतरवीत गेलो. आजीचे शब्द, आजोबांचे मौन, शेजारच्या बिऱ्हाडाने बांधलेले सामान. सारे मिळून पाचसहा पाने झाली. रात्र बरीच झाली होती. पहिले पान तेवढे मी जतन केले होते. उरलेले, सकाळी नीट वाचून करू, म्हणून झाकण मिटले आणि निजलो. सकाळी घाईत तो संगणक पिशवीत घालून नागपूरची गाडी धरली.

डोंगरगडच्या पुढे सालेकसाकडे जो घाटाचा आणि बोगद्याचा टप्पा लागतो तेथे पिशवीस हात लागला तो ती ऊन लागली. गोंदियास उघडून पाहतो तो पडदा काळा. बॅटरी पार संपलेली. नागपुरात बहिणीच्या घरी वीज जोडली तेव्हा संगणक नव्याने उठला. पहिले पान होते. बाकीची नव्हती.

रायपुरास परतल्यावर चिरंजीवांनी संगणकाची रोजनिशी उघडली. लिनक्स अशी रोजनिशी इमानाने ठेवतो. तीत नोंद होती: 20 सेकंदांत गोठवण्याचे काम पुरे झाले नाही, एका प्रक्रियेने नकार दिला. तशीच नोंद पुनःपुन्हा. प्रकार असा होता. घरातील दुसऱ्या खोलीत एक जुना संगणक आहे. त्यावरील फाइली माझ्या संगणकावर असल्यासारख्या दिसाव्या म्हणून चिरंजीवांनी एक लहानशी सेवक-प्रक्रिया नेमून दिली होती. मी त्या कप्प्यातले काही मागितले की हा सेवक पलीकडून आणून देई. त्या रात्री प्रती काढून ठेवणारा एक कार्यक्रम त्या कप्प्याकडे काही मागत होता. मी झाकण मिटले. कर्नलने सर्वांस हाक मारली. सेवक आधी दाराशी आला आणि गोठला. मागणारा मात्र सेवकाच्या उत्तराची वाट पाहत ‘उत्तर आल्याविना हलावयाचे नाही’ अशा अवस्थेत बसलेला. कर्नलच्या दृष्टीने तो बोगद्यातील गाडी. ज्याने उत्तर द्यावयाचे तो शीतपेटीत, आणि ज्यास उत्तर हवे तो दाराशी येईना.

कोण कोणावर अवलंबून आहे हे कर्नलला येथे ठाऊक नसते. त्याच्या लेखी दोघेही सारखेच कारकून. तो 20 सेकंद वाट पाहतो. ही मुदत बदलता येते, पण सामान्यतः तेवढीच असते. मग तो त्या हट्टी प्रक्रियेस मारीत नाही, अर्धवट स्थितीत निजतही नाही. गोठलेल्या सर्वांस पुन्हा जागे करतो, रोजनिशीत नोंद करतो आणि निद्रा रद्द करतो. काही वेळाने पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. झाकण मिटलेले, दिवा मंद, आणि आत सारी कचेरी रात्रभर जागी. पहाटेपर्यंत बॅटरी उतरली. उरली ती पिशवीत गेली.

प्रथम मला राग आला तो यंत्राचा. एका हट्टी कार्यक्रमासाठी माझी पाने घालवावयाची? त्यास मारून टाकले असते तर काय बिघडले असते? चिरंजीव म्हणाले, ‘‘बाबा, तो कार्यक्रम त्या वेळी प्रत काढीत होता की ती तुमच्याच पानांची मूळ फाइल लिहीत होता, हे कर्नलला कसे कळावे?’’ ह्यावर मला उत्तर सुचले नाही. कर्नल फक्त एवढेच जाणतो की कोणी तरी मध्येच आहे. अशा वेळी न निजणे ही चूक झाली तरी भरून येणारी. मध्येच तोडणे ही कदाचित न भरून येणारी. बॅटरी किती उरली आहे हा हिशेब त्यात नाही, आणि माझ्या मते तो असावयास हवा होता. चूक खरी माझीच, पाने जतन न करण्याची. पण झाकण मिटल्यावर संगणक निजलाच असे आपण सारे गृहीत धरतो, त्या अर्थी केवळ माझी म्हणणेही पुरेसे नाही.

ह्या अडचणीवर उपाय होत आहेत. 2022 साली पीटर झायलस्ट्रा ह्यांनी गोठवण्याची व्यवस्था पुष्कळशी नव्याने बांधली आणि ‘गोठलेली’ ही प्रक्रियेची एक स्वतंत्र अवस्थाच ठरविली. त्यामुळे निजलेल्यांच्या वाटेतील पुष्कळ अपघाती जागरणे टळतात. सेवक आणि मागणारा ह्यांची गाठ मात्र सहज सुटणारी नाही. आमच्या घरी ती चिरंजीवांनी साध्या रीतीने सोडविली: झाकण मिटण्याचा हुकूम येताच तो दुसऱ्या खोलीतील कप्पा आधी आपोआप विलग होतो, आणि मग निद्रेस आरंभ होतो. बॅटरी फार उतरली तर डुलकीऐवजी शीतनिद्रा घ्यावी, अशीही सोय त्यांनी करून ठेवली आहे.

मी वडिलांस त्या गोष्टी पुन्हा सांगावयास सांगितले. एका दुपारी त्यांनी सांगितल्या. ह्या खेपेस आजोबा मौन नव्हते. ते नागपुरास जाण्याच्या बाजूने बोलत होते आणि आजी नको म्हणत होती. पूर्वीच्या पानांत आजीचे जे वाक्य होते ते ह्या खेपेस आजोबांच्या तोंडी आले. कोणते खरे, हे वडिलांस विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘‘मी पांघरुणात होतो रे. आवाज तेवढे ऐकू येत.’’ ती पाने आता मी वेगळ्या फाइलीत, तारीख घालून ठेवली आहेत, आणि पहिले जतन झालेले पान त्यांच्या आधी तसेच ठेवले आहे.